वाशिष्ठीचा विचार चिपळूणपुरता नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत वाशिष्ठी नदीच्या बातम्या सुरू होतात. किती गाळ उपसला, किती राहिला, कोणत्या टप्प्यातले काम कशामुळे अडले, हे छापून येते. जुलैत पाणी चढू लागले की इशारा पातळी आणि धोका पातळीचे आकडे येतात, आणि गणपती गेले की नदी बातम्यांतून जवळजवळ नाहीशी होते. यातली बहुतेक चर्चा चिपळूण शहरालगतच्या थोड्याशा पात्राविषयी असते. तिथला पूर मात्र वर सह्याद्रीच्या कुशीत जन्माला येतो आणि त्याची निचऱ्याची वाट खाली दाभोळच्या खाडीत ठरते. ही दोन्ही टोके नजरेआड ठेवून मधल्या तुकड्यावर उपाय करत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेली एक वाचक या नात्याने ही नदी घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत सलग मांडण्यासाठी आपल्या पत्रात थोडी जागा मागते आहे.

वाशिष्ठीची लांबी जेमतेम सत्तर किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्र सुमारे २,२०० चौरस किलोमीटर आहे. त्याच सह्याद्रीवर महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर जन्म घेऊनही पूर्वेकडे सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा पूर सांगलीला पोहोचेपर्यंत प्रशासनाला दिवसांच्या हिशेबाने सवड मिळते. वाशिष्ठीच्या बाबतीत हा हिशेब तासांचा आहे. पुराचे पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहते असे धरले, आणि डोंगरउतारावर ते त्याहून वेगाने धावते, तरी पंचवीस किलोमीटरचे अंतर ते साडेतीन तासांत कापते. घाटात मध्यरात्री ढग फुटावेत तसा पाऊस झाला, तर पहाटेच्या आत त्याचे पाणी गावात येते. मोठ्या नदीसाठी तयार झालेली सरकारी कार्यपद्धती लहान नदीला जशीच्या तशी लावता येत नाही, ती या वेळेच्या फरकामुळे.

आता उगमाकडे जाऊ. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण पुराचा विचार करायचा तर मुळापासूनच सुरुवात करावी लागते. तिवरे गावाच्या वरचे कडे, कुंभार्ली घाटाचा परिसर आणि त्यांच्या दोन्ही अंगांच्या डोंगरसोंडा येथून असंख्य पऱ्हे आणि वहाळ खाली उतरतात आणि त्यांतून वाशिष्ठी आकार घेते. हे कडे दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून हा खडक घडला. घाटातून जाताना कड्यावर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे तेच थर. कठीण थरावरून पाणी उडी घेते, खालचा मऊ थर पोखरला जातो, आधार गेलेला वरचा भाग कोसळतो आणि कडा काही हातांनी मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकतो. पश्चिमेकडच्या नद्यांना समुद्र जवळ असल्याने त्यांचा उतार तीव्र असतो. तीव्र उताराची नदी आपले डोके मागे मागे खोदत नेते, आणि लक्षावधी वर्षे हे काम करत या आखूड नद्यांनीच सह्याद्रीची पश्चिम भिंत आजच्या जागी आणून ठेवली आहे.

याचा एक विलक्षण नमुना कुंभार्लीच्या माथ्यापलीकडे पाहायला मिळतो. कोयना नदी घाटमाथ्याला समांतर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकाएकी काटकोनात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. या वळणापासून कोकणात तुटणारा कडा फार दूर नाही. मधल्या अरुंद कण्याच्या एका अंगाला पडलेला थेंब आंध्रच्या किनाऱ्यावर पोहोचतो आणि दुसऱ्या अंगाचा दाभोळला, तोही एखाद्या दिवसात. पावसाचा फरकही तितकाच टोकाचा आहे. समुद्रावरून आलेले बाष्प या भिंतीला अडून वर चढते, थंड होते आणि माथ्यावर कोसळते. म्हणून कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या कराडला सातशेच्या घरात. चिपळूणच्या पर्जन्यमापकात दिसणारा आकडा आणि त्याच रात्री माथ्यावर पडलेला पाऊस यांत मोठी तफावत असू शकते. शहरात पाऊस थोडा उघडला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या दारात पाणी येते, ते यामुळेच.

नदीतले दगड पाहिले तरी तिचा स्वभाव कळतो. कड्याच्या पायथ्याशी पात्रात माणसाच्या उंचीच्या शिळा कोनाकोपऱ्यांसकट पडलेल्या असतात. थोडे खाली आले की डोक्याएवढे गोटे दिसतात, त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. पोफळीच्या खालच्या अंगाला मुठीत मावणारे गोटे आणि भरड वाळू, चिपळूणला बारीक रेती, आणि गोवळकोटच्या पुढे ओहोटीला उघडा पडणारा, गुडघ्यापर्यंत पाय रुतणारा राखाडी चिखल. मोठ्या नद्यांना जे करायला शेकडो किलोमीटर लागतात, ते ही नदी एका सकाळच्या प्रवासात दाखवते. आपल्या शालेय पुस्तकांत नदीच्या युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था अशा तीन पायऱ्या शिकवल्या जातात. त्या गंगेला किंवा गोदावरीला शोभतात. कोकणातल्या नदीची मधली पायरी अगदी आखूड असते, आणि डोंगरातून सुटलेले पाणी वेग पुरता कमी होण्याआधीच सपाटीवर येऊन थडकते. पूर जिथे पसरतो ती जागा हीच.

या जागेवरच आपली शहरे वसलेली आहेत, आणि ती योगायोगाने वसलेली नाहीत. सावित्रीकाठचे महाड, वाशिष्ठीकाठचे चिपळूण, शास्त्री नदीवरचे संगमेश्वर, अर्जुनेवरचे राजापूर ही नावे नकाशावर उत्तर-दक्षिण ओळीने पाहावीत. ही सगळी ठाणी भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते त्या टोकाशी किंवा त्याच्या आसपास आहेत. भरतीबरोबर गलबते आणि होड्या इथपर्यंत येत, माल उतरे, आणि पुढे बैलांच्या तांड्यांवरून घाट चढून देशावर जाई. कुंभार्ली घाटाने चिपळूणला कराडशी जोडले, गोवळकोटच्या धक्क्याने समुद्राशी, आणि या दोहोंच्या सांध्यावर बाजारपेठ उभी राहिली. ज्या कारणाने पेठ तिथे आली त्याच कारणाने ती बुडते, कारण डोंगराचे पाणी आणि समुद्राचे पाणी तिथेच एकमेकांना भेटतात. म्हणून लोकांनी नदीत घरे बांधली, आता भोगा, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. जुन्या पेठेतल्या माणसाला हा भूगोल वारशाने मिळाला आहे. मात्र गेल्या काही दशकांत नदीलगतचे मळे आणि सखल जमिनी भराव टाकून ज्यांनी उंच केल्या, त्यांची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी त्या जमिनी पुराचे पाणी काही तास धरून ठेवत. आता तेच पाणी शेजारच्या सखल भागात शिरते. त्यात शिवनदी शहराच्या मधून येऊन वाशिष्ठीला मिळते. मोठ्या नदीची पातळी चढली की शिवनदीचे पाणी मागे फुगते आणि नदीकाठी न राहणाऱ्यांच्याही घरात शिरते.

पाण्याचा आकार कळावा म्हणून एक साधे गणित मांडते. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. वरच्या खोऱ्यातल्या नुसत्या ५०० चौरस किलोमीटरवर एका रात्रीत २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी घनमीटर, म्हणजे साधारण साडेतीन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जमा होते. जुलैअखेरीस जमीन तुडुंब भिजलेली असते आणि जांभ्याचे सडेही पाणी पिऊन तृप्त झालेले असतात, त्यामुळे यातले बहुतांश पाणी वाहूनच येते. ते बारा तासांत पुढे जायचे तर सरासरी सेकंदाला २,३०० घनमीटर प्रवाह शहराजवळून गेला पाहिजे. हे गणित उदाहरणादाखल आहे. कोकणात याहून कितीतरी अधिक पाऊस पडू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच पावसाळी लाटेत चिपळूणही बुडाले होते.

आता नदीच्या दुसऱ्या टोकाकडे वळते, कारण त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून ४५ किलोमीटरचा पट्टा, समुद्रापासून पेढ्यातील पुलापर्यंत, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ म्हणून घोषित केला. पेढे चिपळूणसमोर, परशुरामाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. म्हणजे सत्तरातले ४५ किलोमीटर ही खाडी आहे आणि भरतीचा अंमल जवळजवळ चिपळूणच्या वेशीपर्यंत चालतो. याचे कारण भूगर्भीय काळातल्या हवामानात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, आणि कोकणच्या नद्या तेव्हा बऱ्याच दूर गेलेल्या किनाऱ्यापर्यंत आपली दरी खोदत होत्या. बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांची तोंडे पाण्याखाली गेली. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्याच. गोदावरी किंवा कृष्णेप्रमाणे कोकणच्या नद्या त्रिभुज प्रदेश रचत नाहीत, त्यामागेही तीव्र उतार, आखूड लांबी आणि बुडालेली मुखे हीच कारणे आहेत.

गोवळकोटच्या धक्क्यावर कोरड्या दिवसात भरतीच्या वेळी उभे राहिले, तर पाण्यावरचा पालापाचोळा आधी मंदावतो, मग थांबतो आणि नंतर उलट, डोंगराच्या दिशेने सरकू लागतो. ही नदी साधारण सव्वासहा तासांनी आपली दिशा बदलते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. पावसाळ्यात डोंगराचा लोंढा येतो तेव्हा तो भरतीला रेटून पुढे जातो हे खरे, पण समुद्राची पातळी उंच असेल तर त्याला उतार कमी मिळतो, पाणी मागे तुंबते आणि काही तास निचराच होत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा पौर्णिमेला दोनच दिवस राहिले होते. एकट्या भरतीमुळे तो पूर आला असे मी मुळीच म्हणत नाही, मूळ कारण घाटातला पाऊसच. पण तोच पाऊस भांगाच्या भरतीला आणि ओहोटीच्या वेळी आला असता, तर पाण्याला वाट अधिक मोकळी मिळाली असती. भरतीचे कोष्टक वर्षभर आधी तयार असते. निसर्गाने आगाऊ कळवलेली ही एकमेव गोष्ट आहे, आणि पुराचा इशारा देताना तिचा उल्लेख अनेकदा नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय मुखाशी येणारी भरती खाडीत वर सरकत चिपळूणपर्यंत पोहोचायला वेळ घेते, त्यामुळे बंदराचे कोष्टक शहराला जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यासाठी खाडीत ठिकठिकाणी पातळीमापके हवीत.

खाडीत येणारे पाणी एकट्या वाशिष्ठीचे नाही. खेडवरून येणारी जगबुडी नदी याच खाडीला मिळते. घाटातला पाऊस तालुक्याची हद्द पाहून पडत नाही, त्यामुळे जगबुडी आणि वाशिष्ठी बहुधा एकाच वेळी फुगतात आणि एकाच खाडीतून बाहेर पडू पाहतात. खेडची पातळी वेगळ्या बातमीत आणि चिपळूणची वेगळ्या बातमीत वाचली की हे लक्षातच येत नाही.

या नदीला तिसऱ्या एका ठिकाणाहूनही पाणी मिळते, आणि त्याची तोड महाराष्ट्रात क्वचित सापडेल. कोयनेचे पाणी शिवाजीसागर जलाशयातून बोगद्यांनी सह्याद्री भेदून पश्चिमेकडे आणले जाते आणि सुमारे पाचशे मीटर खाली पाडून त्यावर वीज तयार होते. पोफळीचे पहिले दोन टप्पे मिळून ६०० मेगावॉट, कोळकेवाडीचा तिसरा टप्पा ३२० आणि चौथा १,००० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाला छेद देऊन पाणी घेण्याचा प्रयोग झाला, तो आपल्या अभियंत्यांच्या कौशल्याचा मानबिंदू आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने या पश्चिम वळणासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मान्य केले. हे पाणी वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते. वर्षभरात समान वाटून पाहिले तर सेकंदाला साठ घनमीटर प्रवाह होतो. एरवी एप्रिल-मे महिन्यांत डोह सोडले तर कोरडी पडणारी कोकणी नदी, आणि तिच्यात ऐन उन्हाळ्यात हे पाणी खळाळत असते. विजेची मागणी वाढते त्या वेळी जनित्रे चालतात, म्हणून दिवसातून काही तास पाणी चढते आणि मग उतरते. पूर्वेचे पाणी पश्चिमेला नेऊन माणसाने नदीचा एक नवा ऋतू निर्माण केला आहे.

याचे परिणाम दूरवर पोहोचतात. सागरी किनारा नियमनाच्या नियमांनुसार खाडीतली हद्द, वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत पाच भाग जिथपर्यंत आढळते तिथपर्यंत धरली जाते. ज्या खाडीत उन्हाळ्यात बाहेरच्या खोऱ्यातले गोडे पाणी सतत येते, तिथे ही खाऱ्या पाण्याची रेषा साहजिकच समुद्राकडे ढकलली जाते. म्हणजे वरच्या वीजगृहाचे वेळापत्रक खालच्या किनाऱ्याच्या कायद्याच्या हद्दीवर परिणाम करते, आणि ही दोन कामे पाहणारी कार्यालये निराळी आहेत. कोयनेचे हे अवजल मुंबईकडे नेण्याच्या कल्पना वारंवार पुढे येतात. त्यांवर वाद घालताना समुद्राला वाया जाणारे पाणी असा शब्दप्रयोग सर्रास होतो. ते पाणी चिपळूणच्या आणि उद्योगांच्या वापराला येते, खाडीतल्या जिवांच्या क्षारतेचे गणित सांभाळते, गाळ पुढे ढकलते. ते न्यायचे की नाही हा निर्णय वेगळा, पण ते वाया जाते असे म्हणणे भूगोलाच्या दृष्टीने चूक आहे.

खाडीच्या काठाचे जग तर आपल्या चर्चेत जवळजवळ नसतेच. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर निवटे मासे पुढच्या परांवर रांगत सरपटतात, चिंबोऱ्यांच्या बिळांतून बुडबुडे येतात, तिवरांची पेन्सिलीसारखी श्वासमुळे चिखलातून हजारोंनी वर आलेली असतात. कांदळवनाची ही पट्टी लाटेचा आणि लोंढ्याचा जोर मोडते, गाळ धरते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. चिपळूणच्या आसपास मगरींचाही वावर आहे. या पाण्यावर पिढ्यानपिढ्या जगणारे खाडीतले मच्छीमार लोटे-परशुराम परिसरातल्या रासायनिक सांडपाण्याविषयी आणि मेलेल्या माशांविषयी तक्रार करत आले आहेत. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली होती. भरतीओहोटीची खाडी सांडपाणी लगेच समुद्रात टाकत नाही. ओहोटीला पुढे गेलेले पाणी भरतीला बरेचसे परत येते. आखूड नदी म्हणजे घाण पटकन वाहून जाईल, ही समजूत भरतीच्या पट्ट्यात खरी ठरत नाही.

आता गाळाविषयी. २०२१ च्या महापुरानंतर नागरिकांनी आंदोलन केले, शासनाने दखल घेतली आणि २०२२ पासून पात्रातला गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. पात्रात बेटे वाढली असतील, पुलाच्या कमानी बुजल्या असतील, तर तिथला गाळ काढलाच पाहिजे. पण तो येतो कुठून, हे विचारल्याशिवाय दरवर्षीचे काम ये रे माझ्या मागल्या असेच राहील. उभ्या उतारावरची खासगी जंगले तोडली जातात, रस्त्यांसाठी डोंगर उभे कापले जातात आणि माती खालच्या पऱ्ह्यात लोटली जाते, दरडी कोसळतात. पहिल्या जोरदार पावसात ही माती नदीत येते. काढलेला गाळ काठावरच ढिगाने ठेवला तर तोही पुढच्या पुरात परततो. शिवाय भरतीच्या पट्ट्यात तळ कितीही खोल केला तरी समुद्राची पातळी खाली जात नाही. खोल केलेल्या पात्रातून पूर अधिक वाहतो, तशी भरतीही अधिक आत येते, आणि खारे पाणी काठच्या विहिरींपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. कुठे किती खोदायचे हे वरचा प्रवाह, खालची भरती आणि क्षारता एकत्र मोजूनच ठरवावे लागेल.

आखूड नदीवर लहान धरणे बांधताना तर दुप्पट जपायला हवे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि धरणाखालच्या वाडीतली माणसे झोपेत वाहून गेली. तीव्र उतारावर धरणाखालच्या वस्तीला पळण्यासाठी मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. तिथे गळती लागली आहे असे ग्रामस्थ सांगत असतील तर त्यावरची कारवाई पावसाळ्याआधी व्हायला हवी. फायलीचा प्रवास नदीच्या प्रवासापेक्षा मंद असून चालणार नाही.

पूररेषांचेही तसेच आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखली गेली, की जुन्या पेठेतल्या माणसाला घर दुरुस्त करणेही अवघड होते आणि त्याचा संताप मी समजू शकते. पण या रेषा कोणत्या पावसाच्या, कोणत्या भरतीच्या आणि कोळकेवाडीच्या किती विसर्गाच्या गृहीतकावर आखल्या, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले, तर वाद निम्म्याने कमी होईल. नव्या भरावांना बंदी आणि जुन्या वस्तीला बांधकामाच्या पद्धतीत सवलत, असा भेद करणेही शक्य आहे. महामार्ग आणि लोहमार्ग यांचे उंच भराव पूरमैदानाला आडवे जातात. त्यांखाली पाण्याला पुरेशा मोऱ्या आहेत का, याची तपासणीही त्याच हिशेबात यायला हवी.

अडचण अशी की या सत्तर किलोमीटरच्या नदीचे मालक अनेक आहेत. माथ्यावर वन विभाग, धरणे जलसंपदा विभागाकडे, वीजगृहे महानिर्मितीकडे, शहर नगरपरिषदेकडे, खाडी सागरी मंडळाकडे, कांदळवने कांदळवन कक्षाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, रेतीचे परवाने महसूल खात्याकडे. त्यात नदीचे खोरे चिपळूण, खेड, गुहागर आणि दापोली या तालुक्यांत विभागलेले. प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचे काम प्रामाणिकपणे करत असेल, तरी पावसाच्या रात्री सगळ्यांची माहिती एका टेबलावर नसते.

म्हणून माझी मागणी मोठ्या प्रकल्पाची नाही. घाटमाथ्यावर आणि वरच्या खोऱ्यात पुरेशी स्वयंचलित पर्जन्यमापके असावीत. त्यांच्या तासागणिक नोंदी, कोळकेवाडीतून सोडलेले पाणी, वाशिष्ठी आणि जगबुडीची पातळी, गोवळकोट आणि दाभोळ येथील भरतीची प्रत्यक्ष पातळी या पाच गोष्टी एकाच तक्त्यात, एकाच वेळी, सर्वांना दिसतील अशा जाहीर कराव्यात. इशारा देताना नुसती धोका पातळी न सांगता पुढच्या सहा तासांत भरती चढणार की उतरणार हे त्याच वाक्यात सांगावे. तक्ता सांभाळण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे, खोऱ्यासाठी नेमलेल्या, तालुक्याच्या हद्दीत न अडकणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. यातली बरीच उपकरणे आणि नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे आजही आहेत, त्या एकत्र आणण्याचा खर्च एका हंगामाच्या गाळउपशापुढे नगण्य ठरेल असे मला वाटते. सावित्री, शास्त्री आणि अर्जुनेच्या खोऱ्यांनाही हीच पद्धत लावता येईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवामानाच्या चौकटीत तापमान आणि पाऊस छापता, त्याच्या शेजारी दाभोळच्या भरतीच्या वेळा आणि उंची, तसेच आदल्या चोवीस तासांतला घाटमाथ्यावरचा पाऊस छापण्यास या आगोटीपासूनच सुरुवात करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका